पत्र सहावे, इयत्ता सातवी

प्रिय पालकहो,
या आठवड्यात आपण शून्याच्या खाली उतरलो.

एवढं लिहून थांबते.
खिडकीबाहेर कोडिॲकचं बंदर, चार वाजताच दिवे लागलेले,
कॅनरीच्या धुराड्यातून वाफ,
आणि त्या वाफेखाली माझ्या वर्गाचे निम्मे आईबाप
रबरी बुटांत उभे राहून माशांची डोकी उडवताहेत.
पुढचं वाक्य: "विद्यार्थी पूर्णांकांवरील क्रिया
विविध प्रतिरूपांच्या साहाय्याने..."
खोडते. हे कोणाला सांगतेय मी? मुख्याध्यापकांना?

शेवटी लिहिते: वजा वजा अधिक.
एवढं घरी घोकून घ्यावं. मंगळवारी चाचणी.
खाली सही करून चिठ्ठी परत पाठवावी.
सव्वीस प्रती. सातवी प्रत यंत्र चावतं, नेहमीसारखं.
विल्मरच्या प्रतीवर लाल पेनाने जादा एक ओळ:
चार गृहपाठ बाकी आहेत.

सोमवारी अकरा चिठ्ठ्या आल्या.
दहांवर नुसत्या सह्या, त्यातली एक पोरानेच ठोकलेली,
आईच्या नावातच शुद्धलेखनाची चूक.
अकरावीला मासळीचा वास.
कोपऱ्यावर एक खवला वाळून चिकटलेला,
आणि मागच्या कोऱ्या अंगावर स्पॅनिश, दाट, निळं,
एउलालिया मेन्हीवारचं.
ऑफिसातल्या कॉराझोनने चष्मा पुसून वाचून दाखवलं:

"मिस लुकिन, विल्मरने तुमचं पत्र मला वाचून दाखवलं.
भरतीओहोटीच्या पुस्तकात शनिवारची भरती
नऊ पूर्णांक चार फूट, ओहोटी उणे एक पूर्णांक आठ.
पाणी किती उतरलं?
विल्मर म्हणतो, सात पूर्णांक सहा.
मी म्हणते, अकरा पूर्णांक दोन.
तो म्हणतो, तू कुठे शाळेत गेलीस.
म्हणून मी धक्क्यावर गेले, पाळी सुटल्यावर, बॅटरी घेऊन.
शिडीला फुटाफुटावर पायऱ्या आहेत.
ओल्या तेवढ्या मोजल्या. अकरा, वर बोटभर.
तुमचं पत्र म्हणतं घोका. का, ते म्हणत नाही.
घरात दोन दिवस भांडण आहे.
कृपया कळवा."

एकोणीस वर्षं शिकवतेय.
फळ्यावर संख्यारेषा आखते, बेडूक उड्या मारतो,
लाल सोंगट्या, निळ्या सोंगट्या,
आणि ही शिडी माझ्या बापाने रोज चढली उतरली.
मी तिला कधी आकडे घातले नाहीत.

लाल ओळीबद्दल मात्र बाईंचं अक्षर नाही.
म्हणजे पोरगं पत्र वाचतं,
पण हातचा राखून वाचतं.

रात्री सातवं पत्र लिहायला बसते.
प्रिय पालकहो, धक्क्यावरची शिडी पाहिलीत?
शून्य तिच्या तळाशी नसतं. शून्याखालीही पायऱ्या आहेत,
आणि वरून मोजत आलेल्या माणसाला
त्याही मोजाव्याच लागतात. म्हणून वजा वजा...
हं. बरं जमलंय. उद्या पुन्हा वाचेन.

मग फोन लावते. विल्मरच उचलतो.
आवाज ओळखताच गप्प.
मागे नळ वाहतोय, कुणीतरी भांडी विसळतंय.
"आईला... काय सांगू, मिस?"
त्याच्या मनात चार गृहपाठ, माझ्याही.
मी म्हणते, "सांग, तिचं बरोबर आहे.
अकरा पूर्णांक दोन. आहे तसं सांग."

बराच वेळ नुसता नळ.
मला स्पॅनिश येत नाही,
दहावीस आकडे तेवढे येतात, दुकानापुरते.
पलीकडे, अगदी हळू, नाइलाजाने,
तो म्हणाला: ओन्से.

नळ बंद झाला.

गृहपाठांचं उद्या बघू.